उलट उत्तर

रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय आमच्या देवळात सहसा कुणी वाचत नाही. पंधरावा संपला की पत्र संपलं, असंच सगळे धरून चालतात. सोळाव्यात उपदेश थोडा आणि नावं फार. फिबी, प्रिस्किल्ला, अक्विल्ला, मरीया, अंद्रोनीक, युनिया. मुलांना वाचायला दिला की ती अडखळतात आणि मागच्या बाकांवर खुसखुस सुरू होते. मला मात्र पौलाच्या सगळ्या लिखाणात हा अध्याय जवळचा वाटतो. पौल तोवर रोमला गेलेलाही नव्हता, तरी तिथल्या वीसपंचवीस माणसांना तो नावानिशी सलाम पाठवतो. कुणी त्याच्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घातला, कुणी त्याच्याबरोबर तुरुंगात होतं, कुणी प्रभूच्या कामात राबली. रूफ नावाच्या एकाच्या आईबद्दल तो म्हणतो की ती माझीही आई. आणि मध्येच तर्तियुस, म्हणजे पौल सांगेल ते लिहून घेणारा लेखनिक, स्वतःचा सलाम घुसडून देतो. पौलाने तो खोडायला लावला नाही, हे मला फार आवडतं. कृपा, नियमशास्त्र, विश्वास अशा जड विषयांवर पंधरा अध्याय बोलून झाल्यावर हा माणूस एकेकाचं घर आठवत बसतो. त्याला ते विषयांतर वाटलेलं दिसत नाही.

मी नगरची. कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण एसटीचं तिकीट मागताना तोंडातून अजून नगरच निघतं. शाळेत मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झाले. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली इथे काम सुरू केलं. माझ्या पणजोबांनी नेवासे तालुक्यात बाप्तिस्मा घेतला त्यालाही शंभरावर वर्षं झाली. मंडळी इतकी जुनी असली की तिथे वडीलधाऱ्यांची वाण नसते. पाळक, वडील, डिकन, शब्बाथशाळेच्या बाई, महिला संघाच्या अध्यक्ष, शिवाय प्रत्येक घरात एक तरी आत्या. उपदेश करणारं माणूस हवं असेल तर आमच्याकडे रांग लागेल.

तरीही गेल्या पावसाळ्यात आमच्या तरुण पाळकांनी एक योजना मांडली. तरुण संघातल्या प्रत्येक मुलामुलीला मंडळीतला एक ज्येष्ठ ‘मेंटॉर’ म्हणून जोडून द्यायचा. छापील फॉर्म आले. मुलाचं नाव, मेंटॉरचं नाव, महिन्यातून किती भेटी, कोणतं वचन शिकवलं, कशासाठी प्रार्थना केली. हेतू चांगला होता. मुलं शिकून पुण्याला जातात, हिंजवडीत नाहीतर चाकणला नोकरी धरतात, आणि दोनेक वर्षांनी नाताळला येतात तेव्हा पाहुण्यासारखी दाराशी उभी राहतात. काहीतरी करायला हवंच होतं. मीही फॉर्म घेतला. भरायला बसले तेव्हा लक्षात आलं, की सगळे रकाने मेंटॉरने काय दिलं याचे आहेत. मुलाने काय विचारलं, कुठे अडवलं, कशाला नाही म्हटलं, याला जागाच नाही. मला तर विश्वासात ज्यांनी ज्यांनी काही दिलं, त्या प्रत्येकाला मी कधी ना कधी उलट उत्तर दिलेलं आहे. ते देता आलं नसतं तर त्यांचं मला काही लाभलं असतं, असं वाटत नाही.

हा विचार माझ्या डोक्यात पक्का बसला तो पंडिता रमाबाईंच्या पत्रांमुळे. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांनी जमवलेला हा इंग्रजी पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादित केला आणि १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो छापला. रमाबाईंवर भाषणं करणारे ‘स्त्रीधर्मनीती’, शारदा सदन आणि केडगावचं मुक्ती मिशन एवढ्यावर थांबतात. पत्रांपर्यंत फार थोडे जातात. गुरू आणि शिष्या यांच्यात काय घडतं आणि काय बिघडतं, ते इतक्या उघडपणे दाखवणारं दुसरं पुस्तक निदान माझ्या वाचनात नाही.

१८८३ साली इंग्लंडला पोचल्या तेव्हा रमाबाई पंचविशीत होत्या. आईवडील दुष्काळात गेले होते, भाऊ गेला होता, आणि लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा कॉलऱ्याने गेला होता. कडेवर दोन वर्षांची मनोरमा. डॉक्टर व्हायची इच्छा होती, पण कानाने कमी ऐकू यायचं म्हणून ते राहून गेलं. वाँटेजच्या धर्मभगिनींनी त्यांना आपल्या घरात घेतलं. त्या वर्षी २९ सप्टेंबरला माय-लेकींचा बाप्तिस्मा झाला, आणि जेराल्डीन रमाबाईंच्या धर्मातल्या आईच्या जागी आल्या. मनोरमेसाठी त्या आजीबाई झाल्या. पुढे रमाबाईही पत्रांत त्यांना आजीबाईच म्हणू लागल्या.

आणि मग भांडणं सुरू झाली. रमाबाई मांस खात नव्हत्या, अंडं घातलेलं पुडिंगही त्यांना चालत नव्हतं. जेराल्डीनना त्यात जातीचा ताठा दिसला. क्रूसावर लॅटिन शब्द कोरण्यावरून वाद झाला. लॅटिनमध्ये असं काय आहे जे आमच्या संस्कृतात नाही, असा रमाबाईंचा सवाल होता. अथनेशियसचा मतांगीकार त्यांच्या गळी उतरेना, त्रैक्याच्या मांडणीवर त्या अडल्या. पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी पुरुषांना संस्कृत शिकवावं अशी गोष्ट निघाली, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानात परत गेल्यावर तिथल्या लोकांत हिचं वजन राहणार नाही, हे कारण. म्हणजे सुधारणेच्या मायदेशातून आलेले बिशप पुण्याच्या सनातन्यांची मनं सांभाळत होते. रमाबाईंनी जेराल्डीनना जे लिहिलं त्याचा आशय असा: मला माझी बुद्धी आहे, माझा विवेक आहे, तो देवाने दिला आहे, भटाभिक्षुकांच्या जोखडातून आत्ता कुठे मान काढली आहे, ती दुसऱ्या कुणाच्या जोखडात द्यायची नाही.

वर्गात ही पत्रं सांगायची झाली असती तर मी जेराल्डीनना खलनायिका केलं असतं. सोपं आहे ते. साम्राज्याची बाई, गोरी, आज्ञापालनाची शपथ घेतलेली, आणि समोर आपली पंडिता. पण पुन्हा पुन्हा वाचताना मला त्या बाईची वेगळीच बाजू दिसायला लागली. तिला आज्ञापालन हाच प्रेमाचा रस्ता म्हणून शिकवलेला होता. स्वतः ती त्याच रस्त्याने आली होती. तिने मनोरमेला सांभाळलं. रमाबाई अमेरिकेला गेल्या, मुंबईला परतल्या, शारदा सदन काढलं, त्या इंग्लंडच्या चर्चपासून दूर होत गेल्या, तरी पत्रं चालू राहिली. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, ज्या पत्रांत शिष्येने तिची खरडपट्टी काढली आहे तीसुद्धा तिने जपली, क्रमाने लावली, त्यांवर टिपणं लिहिली. टिपणांत ती अजूनही आपलंच खरं करते, हे सांगायला हवं. पण फाडून तर टाकली नाहीत. आमच्याकडच्या किती वडीलधाऱ्यांनी आपल्याला झापणारी चिठ्ठी जपून ठेवली असती?

चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांची तऱ्हा निराळी. रमाबाई तिथे शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. बीलबाई मुळात शिक्षिका, त्यामुळे विद्यार्थिनीने हात वर केला की त्यांना अपमान वाटत नसे. संशय म्हणजे काय हे त्यांना स्वतःच्या आयुष्यातून माहीत होतं. हिला प्रश्न विचारू द्या, दडपलंत तर हाती काही लागणार नाही, अशा अर्थाचं त्या वाँटेजकरांना कळवत राहिल्या. रमाबाईंशी त्या त्रैक्यावर पत्रातून वाद घालतात तेव्हा चर्च असं म्हणतं म्हणून ऐक, असा सूर नसतो. माझ्यातल्या बाईला अर्थातच बील जवळच्या वाटतात. हा माझा पक्षपात समजा.

तिसरे फादर नीळकंठशास्त्री नेहेम्या गोरे. काशीत वाढलेले, सहा दर्शनं कोळून प्यालेले, चित्पावन. तरुणपणी ख्रिस्ती मताचं खंडन करायला सरसावले, संस्कृतात त्यावर ग्रंथ लिहिला आणि १८४८ साली स्वतःच बाप्तिस्मा घेतला. रमाबाईंची त्यांच्याशी पुण्यात गाठ पडली होती, इंग्लंडला त्यांची पत्रं जात होती. आपल्या बुद्धीला पटवलं ते फादर गोऱ्यांनी, असं रमाबाई स्वतः सांगतात. बिशपांना जे जमलं नाही ते या एका कृश, अबोल शास्त्र्याला जमलं. कारण रमाबाईंची एकेक हरकत गोऱ्यांनी आधी स्वतःशी लढून पाहिलेली होती. त्यांच्याही शंका कायमच्या मिटल्या नव्हत्या. त्या आयुष्यभर त्यांना छळत राहिल्या. तरी गोऱ्यांच्या उच्च-चर्ची वाटेने रमाबाई शेवटपर्यंत गेल्या नाहीत, ही गोष्ट वेगळी.

एवढं होऊनही बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी रमाबाईंना वाटलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळायचा राहिला. तेव्हा उपयोगी पडलं हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मचरित्र. म्हणजे एक आई, एक शिक्षिका, एक शास्त्री आणि एक पुस्तक. पुढे शारदा सदनाच्या कामात सुंदराबाई पवारांसारखी मराठी ख्रिस्ती सहकारीण आली, मुक्तीला मिनी अब्रम्स आल्या. आमच्या फॉर्मवर मेंटॉरच्या नावासाठी एक ओळ आहे.

एका बाईबद्दल मात्र लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. रमाबाईंबरोबर पुण्याहून आनंदीबाई भगत नावाची एक मैत्रीण वाँटेजला गेली होती. रमाबाईंच्या बाप्तिस्म्याआधीच तिने तिथे आत्महत्या केली. तिच्या मनात धर्मांतराची भीती बसली होती, असं सांगतात. तिची पत्रं कुणी जमवली नाहीत. ती मैत्रीण म्हणून बरोबर निघाली होती, पण तिच्यासाठी मैत्रीण कोण होतं? रमाबाई स्वतःच परक्या घरात, परक्या भाषेत चाचपडत होत्या, त्यांना दोष देववत नाही. भगिनींचं घर मार्गदर्शकांनी भरलेलं होतं. तेवढ्याने भागलं नाही, इतकंच दिसतं.

माझ्या वाट्याला बील आली नाही, गोरेही आले नाहीत. आल्या त्या पाळकबाई. राहुरीकडच्या एका खेड्यात आयुष्य काढलेल्या पाळकाची विधवा, मिशन कंपाउंडात दोन खोल्यांत राहायच्या. व्हर्नाक्युलर फायनल झालेल्या. शब्बाथशाळेत सुवर्णवचन पाठ करून घ्यायच्या, चुकलं तर कानाची पाळी धरायच्या.

बहात्तरच्या दुष्काळात मी चौदा वर्षांची होते. उत्तर भारतीय चर्च १९७० साली नागपुरात स्थापन झालं, त्यामुळे बिशपच्या हातून दृढीकरण ही आमच्या मंडळीला नवी गोष्ट होती आणि तयारीचा वर्ग मोठ्या कडक शिस्तीत चाले. वर्ग घेणाऱ्यांनी पाच भाकरी आणि दोन मासळ्यांचा पाठ घेतला. मी विचारलं, तेव्हा पाच हजार जेवले आणि बारा टोपल्या उरल्या, तर दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायांना सुकडी मोजून का मिळते? मला बाकावर उभं केलं. संध्याकाळी पाळकबाईंकडे जाऊन रडले. त्या तांदूळ निवडत होत्या, तशाच निवडत राहिल्या. म्हणाल्या, “मला पण पडतो गं हा प्रश्न. तुला आत्ता पडला, मला आमचे साहेब होते तेव्हापासून पडतोय.” मग म्हणाल्या, “उद्या सकाळी ये. पायात चपला घालून ये.”

दुसऱ्या दिवशी आम्ही रस्त्याच्या कामावर गेलो. बाया खडी फोडत होत्या, त्यांची तान्ही पोरं बाभळीखाली ठेवलेली. पाळकबाई तिथे बसून पोरं राखायच्या, हे मला तोवर माहीत नव्हतं. मलाही एक पोर मांडीवर दिलं. प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी मिळालं नाही, नंतरही कधी मिळालं नाही. पण हा प्रश्न पडल्यामुळे मी मंडळीबाहेरची ठरत नाही, एवढं मला कळलं. चौदाव्या वर्षी त्याची गरज उत्तरापेक्षा जास्त होती.

पाळकबाईंची फार आरती करायची नाही. सिनेमा त्यांच्या मते पाप होता. कॉलेजात असताना मी वर्गमैत्रिणीच्या घरी गणपतीला गेले, मोदक खाल्ले आणि येऊन त्यांना सांगितलं. करिंथकरांस पत्र उघडून त्यांनी मला मूर्तीच्या नैवेद्यावरचा पौलाचा अध्याय दाखवला. मी त्याच अध्यायातली पुढची वचनं त्यांना दाखवली, मूर्ती काहीच नाही असं पौल म्हणतो ती. त्या इतक्या संतापल्या की कित्येक दिवस बोलल्या नाहीत. मग एकदा निरोप आला. चष्मा फुटला होता आणि ‘ज्ञानोदय’ वाचून दाखवायला कुणी हवं होतं. मी गेले, अंक वाचला. मोदकाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. पण त्या दिवसापासून त्या मला विचारू लागल्या, “यावर तुझं काय म्हणणं?” कानाची पाळी धरणारी बाई माझं म्हणणं विचारते आहे, याची सवय व्हायला मला वेळ लागला.

योहानाच्या शुभवर्तमानात शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू शिष्यांना सांगतो, की यापुढे मी तुम्हाला दास म्हणणार नाही, मित्र म्हणतो. कारणही देतो: धनी काय करतो ते दासाला ठाऊक नसतं, आणि मी तर पित्याकडून ऐकलेलं सगळं तुम्हाला सांगितलं. या वचनावर प्रवचनं पुष्कळ ऐकली. बहुतेक प्रवचनकार मैत्रीच्या गोडव्यावर बोलतात. मला त्यातली जोखीम दिसते. ज्याला सगळं सांगितलं, तो उद्या त्याच माहितीच्या बळावर तुम्हाला प्रश्न विचारणार. दासाला हुकूम पुरतो. गुरूने शिष्याला मित्र म्हटलं की त्याचं वरचं आसन गेलं. आमच्या मंडळीत मार्गदर्शक पुष्कळ आणि मित्र थोडे, त्याचं कारण मला हेच वाटतं. आसन सोडायला कुणी तयार नाही.

यात आणखी एक गाठ आहे, आणि ती फक्त आमच्या घरातली आहे. माझ्या आजोळच्या गावात मंडळी दोन वाड्यांतून आली होती, महारवाडा आणि मांगवाडा. देऊळ एक, बाप्तिस्मा एक, प्रभुभोजनाचा प्याला एक, पण घरची पंगत एक नव्हती. पाळकबाईंनी दुसऱ्या वाड्यातल्या मुलांना शिकवण्यात कधी हयगय केली नाही. त्यांच्या आजारपणात रात्री जागल्या, त्यांच्यासाठी मिशनच्या बोर्डिंगात जागा मागायला नगरला खेपा घातल्या. मात्र त्यांच्या घरचा चहा त्या टाळायच्या. “नुकताच झाला,” म्हणायच्या. बोर्डिंगात माझी जिवलग मैत्रीण त्या वाड्यातली होती. तिने हे माझ्या कितीतरी आधी हेरलं होतं. मार्गदर्शन वरून खाली येतं, त्याला वाडा आडवा येत नाही. मैत्रीला मात्र एका ताटाशी बसावं लागतं.

मी पाळकबाईंना हे तोंडावर बोलले. अंत्युखियात काय झालं तेही आठवून दिलं. पेत्र तिथे परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे. यरुशलेमेकडून काही लोक आले तसा तो भिऊन मागे सरला, वेगळा बसू लागला. पौलाने सगळ्यांसमोर त्याला धारेवर धरलं. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो स्वतःच हे सांगतो. प्रेषितांमधल्या पहिल्या माणसाला त्याच्यानंतर आलेला, एके काळी मंडळीचा छळ केलेला माणूस भर सभेत बोलतो, आणि मुद्दा काय, तर पंगत. पाळकबाईंनी सगळं ऐकून घेतलं. काही बोलल्या नाहीत. पुढच्या नाताळात त्या माझ्या मैत्रिणीच्या घरी गेल्या, करंजी खाल्ली, चहा मागून घेतला. माझ्या बोलण्यामुळे गेल्या का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

अंत्युखियाच्या त्या प्रसंगात मला पेत्रापेक्षा बर्णबा जास्त लागतो. पौल म्हणतो, बर्णबासुद्धा त्यांच्या ढोंगात ओढला गेला. त्या ‘सुद्धा’मध्ये किती दुखलेलं आहे! शौलाला, म्हणजे पुढच्या पौलाला, यरुशलेमेत कुणी जवळ करत नव्हतं, सगळे भीत होते, तेव्हा हाच बर्णबा त्याला हाताला धरून प्रेषितांकडे घेऊन गेला. पुढे तार्ससला जाऊन त्याला शोधून काढलं आणि अंत्युखियाला आणलं. प्रेषितांची कृत्ये वाचताना नावांच्या क्रमाकडे लक्ष द्या. आधी ‘बर्णबा आणि शौल’ असं येतं, काही अध्यायांनी ‘पौल आणि बर्णबा’ होतं. आपल्या हाताखालच्या माणसाचं नाव आपल्या आधी यायला लागलं, याबद्दल बर्णबाची एकही तक्रार लूकने नोंदलेली नाही. आमच्या कमिटीत पत्रिकेवरच्या नावांच्या क्रमावरून काय होतं ते मी पाहिलेलं आहे, म्हणून सांगते.

शेवटी त्या दोघांचं फाटलंच. योहान मार्क मागच्या सफरीत अर्ध्यातून परतला होता, त्याला पुन्हा न्यायचा की नाही यावरून. पौल म्हणाला नाही, बर्णबा म्हणाला हो, आणि बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला. त्यानंतर कृत्यांच्या पुस्तकात बर्णबा दिसत नाही. पुष्कळ पुढे, तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, मार्काला बरोबर घेऊन ये, तो माझ्या उपयोगाचा आहे, अशी ओळ येते. वाद बर्णबाने जिंकला असं म्हणायचं तर म्हणा. मला त्या ओळीत एवढंच दिसतं, की ज्याने पौलाला तोंडावर नाही म्हटलं त्याच्यामुळे पौलाला म्हातारपणी एक माणूस मिळालं.

मंडळीबाहेरच्या मित्रांविषयी थोडं. कवी नारायण वामन टिळकांना १८९३ साली रेल्वेच्या डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला, त्याने नवा करार हातात ठेवला आणि उतरून गेला. टिळकांना पुढे ख्रिस्ती मित्र पुष्कळ मिळाले. बाप्तिस्मा मात्र १८९५ मध्ये त्यांनी गोऱ्या पाद्र्याकडून न घेता एका मराठी पाळकाच्या हातून घेतला. आणि नगरच्या त्यांच्याच घरात बालकवी ठोमरे राहायला आले. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखं वागवलं. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत आणि त्यामुळे त्या घरात त्यांचं पान मांडायचं राहिलं नाही. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना मी नवीन काही सांगत नाही. टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना दोघांनाही जागा होती. ती कल्पना साताऱ्याला सुचण्याआधी नगरच्या स्वयंपाकघरात रुजली असावी, असं मला वाटतं. पुरावा मागू नका.

आता माझ्या फॉर्मवरची मुलगी. पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आमची उपासना तिला संथ वाटते, म्हणून ती तिथल्या एका नव्या मंडळीत जाते, जिथे गिटार, ड्रम आणि पडद्यावर इंग्रजी गाणी असतात. बुधवारी रात्री फोन करते. पहिले काही फोन मीच बोलत होते, वचनं सांगत होते. ती “हो बाई, हो बाई” करत होती. मग एके दिवशी तिने विचारलं, प्रेषितांच्या मतांगीकारात येशू अधोलोकात उतरला असं आपण दर रविवारी म्हणतो, ते तुम्ही खरंच मानता का? मी म्हटलं, मानते, पण कशा अर्थाने ते वर्षावर्षाला बदलत आलंय. त्यानंतर तिचं “हो बाई” बंद झालं.

परवा मी तिला रमाबाईंच्या पत्रांविषयी सांगितलं, आणि जेराल्डीनने ती पत्रं जपली याचं कौतुक केलं. ती म्हणाली, “बाई, तुम्ही तिला फार स्वस्तात सोडताय. पत्रं जपली म्हणजे ऐकलं असं होतं का? टिपणं तर स्वतःच्याच बाजूची लिहिली ना?” मी म्हटलं, माझं वय आता जेराल्डीनच्या बाजूचं आहे. ती म्हणाली, तेच तर. मला यावर अजून काही सुचलेलं नाही. आनंदीबाई भगतबद्दलही तिने विचारलं. फोनवर कितीतरी वेळ आम्ही त्याच एका बाईबद्दल बोलत होतो.

दिवाळीच्या सुट्टीत ती येते आहे. तिच्या खोलीवर राहणारी सोलापूरची एक मैत्रीणही बरोबर येते आहे, लिंगायत, तत्त्वज्ञानात एम. ए. केलेली. बाप्तिस्मा, पुनरुत्थान, मिशनऱ्यांचा इतिहास, सगळ्यावर तिला माझ्याशी वाद घालायचा आहे म्हणे. मी दोघींचं जेवण धरलं आहे. मुलीने आधीच बजावून ठेवलंय, की मैत्रीण मटण खात नाही आणि केकमधलं अंडंही तिला चालत नाही.